काजूच्या भाटात ट्रॅक्टरमागचं दाताळं, आणि चिऱ्याचा धक्का

पाऊस ओसरायला लागला की या पानावर भाट साफ करायचे प्रश्न येतातच, पण यंदा चार पत्रं एकाच अवजाराबद्दल आलीत, पालापाचोळा आणि खडे ओढून गोळा करायला ट्रॅक्टरच्या मागे लावायचं लँडस्केप रेक. आपल्याकडे हातातल्या लहान भावंडाला दाताळं म्हणतात, मी पण तेच म्हणणार. आजचं सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : माझं काजूचं भाट वाळपईच्या बाजूला आहे, पंधरा हजार स्क्वेअर मीटर, सगळी मोरड जमीन, जांभ्याचे खडे आणि पालापाचोळा भरपूर. २७ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आहे, मागे हायड्रोलिकचे दोन पोर्ट आहेत. सीटवर बसूनच कोन बदलता येईल असं हायड्रोलिक दाताळं घरी बनवायचंय, मेव्हण्याचं कुंडईला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सिलिंडर किती बोअरचा घेऊ, होज कुठला, व्हॉल्व्ह कुठला आणि बेळगावहून आणू की इथे मिळेल? – एक वाचक, सत्तरी

बनवता येईल की, आणि मेव्हण्याकडे वर्कशॉप म्हणजे अर्धं काम झालंच. पण तुमच्या पत्रात पहिल्यापासून शेवटपर्यंत सिलिंडर, होज, व्हॉल्व्ह एवढंच आहे, दाते कसले आणि मधली फिरायची पिन केवढी याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो.

आधी तुमच्या ट्रॅक्टरचं मागचं माप टेपने घ्या. अवजार जोडायच्या मागच्या तीन जोडांचं कॅटेगरी वन नावाचं माप असं असतं की खालच्या पिना २२ एमएम, टॉप लिंकची म्हणजे वरच्या दांड्याची पिन १९ एमएम, खालच्या दोन जोडांमधलं अंतर ६८३ एमएम आणि त्यांच्यापासून वरच्या पिनेची उंची ४६० एमएम. पण बऱ्याच मिनी ट्रॅक्टरना अरुंद माप असतं, तिथे खालचं अंतर ४०० च्या आसपास येतं, आणि मेव्हण्याने सवयीप्रमाणे मोठ्या ट्रॅक्टरचा सांगाडा केला तर तो बसणारच नाही. माप घेतल्याशिवाय कटर हातात घ्यायचा नाही.

रुंदी पाच फूट, म्हणजे १५०० एमएम पुरे. दाताळं ३० अंश तिरकं केलं की १५०० चं १३०० एमएम उरतं, आणि तेवढ्यात मागच्या चाकांचे दोन्ही माग झाकले गेले पाहिजेत. सहा फुटाचा मोह होतो, पण काजूच्या दोन ओळींमध्ये खालच्या फांद्या लोंबत असतात, वळताना टोक खोडाला लागतं.

दाते २५ बाय ८ च्या स्प्रिंग स्टीलच्या पट्टीचे, ईएन ४५ म्हणून मिळतं, खाली पुढच्या बाजूला वळवलेले, मध्ये २५ ची फट. म्हणजे दर ५० एमएमला एक असे पाच फुटात ३१ दाते झाले. साडेचारशे एमएम लांबीचा एक दाता पाऊण किलोच्या आत भरतो, सगळे मिळून बावीस किलो. माती आणि बारीक मुरूम फटीतून खाली पडतो, कोंबडीच्या अंड्याएवढा खडा अडकतो, आपल्याला हवं ते एवढंच. वळवणं आणि पाणी देणं घरी करू नका. फोंड्याला किंवा म्हापशाला ट्रकच्या कमानी (स्प्रिंगचे पाटे) करणारे आहेत त्यांच्याकडे एक नमुना नेऊन द्या, ते तापवून तेलात विझवून परत टेंपर करून देतात, ते त्यांचं रोजचं काम आहे. आडव्या बारला ७५ बाय ७५ चा ६ एमएम जाडीचा स्क्वेअर पाइप घ्या.

आता मधली पिन. घरगुती दाताळी बहुतेक इथेच मरतात. लोक एक इंची बोल्ट टाकतात, दोन प्लेटमध्ये, आणि चार दिवसांत भोक लांबुळकं होतं, मग बार डुलायला लागतो. पिन ५० एमएमची, ईएन ८ ची, लेथवर टर्न करून घ्या, उभ्या पाइपात किमान १५० एमएम लांबीचा बुश, वर-खाली ग्रीस निपल, आणि वर १२ एमएमची मोठी गोल प्लेट म्हणजे बारचा सगळा तिरपा भार एका पिनेवर न येता प्लेटवर पसरतो. दाते जमिनीत मागे ओढले जातात, बार वर पिनेला धरलेला, तो सतत पीळ घालत असतो, म्हणून लांबी जाडीइतकीच महत्त्वाची.

एवढं झालं की मग सिलिंडर. पिव्हटपासून, म्हणजे त्या मधल्या पिनेपासून, २०० एमएमचा हात काढला आणि २०० स्ट्रोकचा (रॉड २०० एमएम आत-बाहेर होणारा) सिलिंडर मध्यावर बसवला तर दाताळं दोन्ही बाजूंना ३०-३० अंश फिरतं, हिशोब सोपा आहे. जोर पण बघा. ५० बोअरचं, म्हणजे आतून ५० एमएम व्यासाच्या सिलिंडरचं, क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर, १५० बारला साधारण तीन टन ढकलतो. रॉड २८ चा धरला तर परत खेचताना साडेतेरा चौरस सेंटीमीटरच उरतात, जोर दोन टनाच्या आसपास. फिरवायला हे रगड झालं. म्हणून लोक समजतात ५० चा सिलिंडर लावला की काम संपलं.

मी पण तेच समजलो होतो. माझ्या पहिल्या दाताळ्याला भंगारातला एकच ५० चा सिलिंडर होता, तिसऱ्या दिवशी डावं टोक जमिनीत रुतलेल्या चिऱ्याला अडकलं, मी तिसऱ्या गिअरला होतो, ट्रॅक्टर थांबेपर्यंत रॉड वाकला, वाकलेल्या रॉडने सील फाडलं आणि सगळं तेल एका कलमाच्या बुडाशी. ते कलम माझ्या वडिलांनी लावलेलं, मी दोन दिवस तिथली माती उपसून बाहेर काढत होतो.

कारण असं की लिव्हर मधे असला की व्हॉल्व्ह बंद असतो, सिलिंडरमधलं तेल कोंडलेलं असतं, ते दाबलं जात नाही. सिलिंडर तेव्हा फिरवण्याचं काम करत नसतो, दाताळ्याला धरून ठेवत असतो. आता टोक पिव्हटपासून ७५० वर आणि सिलिंडर २०० वर, म्हणजे टोकाला जे लागेल त्याच्या पावणेचार पट सिलिंडरवर येतं. टोकाला हजार किलोचा धक्का बसला तर सिलिंडरवर ३७५० किलो, आणि तो रॉडच्या बाजूच्या तेलावर आला तर पावणेतीनशे बारच्या घरात प्रेशर. एका वायरचा पाव इंची होज सव्वादोनशे बारचा असतो. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर सोडणारा, इथे काही कामाचा नाही, तो पंपाच्या बाजूला बसलाय, लिव्हरच्या बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे. आपल्या मोरड जमिनीत रुतलेला चिरा कुठे आहे हे पालापाचोळ्याखाली दिसतच नाही, त्यामुळे हा धक्का बसणार का असा प्रश्नच नाही, कधी बसणार एवढंच.

तेव्हा त्या तेलाला पळायला वाट ठेवायची, म्हणजे क्रॉस-ओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह. एका बाजूचं प्रेशर ठरावीक आकड्याच्या वर गेलं की तो तेल दुसऱ्या बाजूला सोडतो, दाताळं मागे सरतं, मोडत नाही. पण यात एक खुबी आहे, माझ्या पण ती उशिरा लक्षात आली. एकच सिलिंडर असेल आणि धक्क्याने रॉड आत ढकलला गेला तर मागच्या बाजूने १९.६ च्या हिशोबाने तेल बाहेर येतं आणि पुढच्या बाजूला जागा साडेतेराचीच, कारण तिथे रॉड आहे. उरलेलं तेल जाणार कुठे? कुठेच नाही, परत कोंडतं, आणि क्रॉस-ओव्हर बसवूनही सिलिंडर तसाच अडतो.

यावर मला आवडलेला उपाय म्हणजे एक ५० चा न घेता ४० बोअरचे, २५ रॉडचे, २०० स्ट्रोकचे दोन सिलिंडर घ्या, पिव्हटच्या हाताच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक, बारच्या वर आडवे. डाव्याचं मागचं तोंड उजव्याच्या पुढच्या तोंडाला जोडायचं आणि उजव्याचं मागचं डाव्याच्या पुढच्याला, असं फुली मारून. मग एक ढकलतो तेव्हा दुसरा खेचतो, दोन्हीकडे मिळून २०.२ चौरस सेंटीमीटर, कुठल्याही दिशेला सारखंच. जेवढं तेल एका लायनीतून निघतं तेवढंच दुसरीत मावतं, क्रॉस-ओव्हर खरोखर काम करतो, आणि डावी-उजवी दोन्हीकडे जोर पण सारखा. जोडणी चुकून सरळ केली तर दोघे एकमेकांविरुद्ध ढकलत बसतील आणि काहीच हलणार नाही, त्याला घाबरू नका, होज बदला. क्रॉस-ओव्हर १२५ बारच्या आसपास सेट केला की टोकाला पावणेसातशे किलोच्या सुमारास दाताळं सरकतं. होज दोन वायरचा पाव इंची, आणि दोन्ही लायनीत थ्रॉटल (तेलाची वाट अरुंद करणारा) टाका, कारण मिनिटाला १८ लिटरचा पंप असला तरी दाताळं या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड सेकंदाच्या आत फिरतं, मागे कोणी उभं असेल तर पाय मोडेल.

सिलिंडर बेळगावला उद्यमबागेत मापाने करून मिळतात, चोर्ला घाटातून तुम्हाला ते जवळच. होज मात्र इथेच क्रिम्प करून घ्या, दाताळं जोडून पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि लिफ्ट वर-खाली करून बघितल्यावर लांबी ठरवायची, घरी बसून नाही.

आणि एक मनापासून सांगतो, या हंगामाला सिलिंडर लावूच नका. सिलिंडरच्या जागी एक जादा टॉप लिंक बसवा, तीच आपली उजव्या-डाव्या आट्याची. लिंक आणि तिच्या जोडाच्या मध्ये पाइपात पाइप घालून आरपार ४.६ ग्रेडचा मऊ ८ एमएमचा बोल्ट टाका, धक्का बसला की तो अडीच टनाच्या आसपास कातरला जातो आणि बाकी सगळं वाचतं. खिशात दहा बोल्ट ठेवा. एक हंगाम चालवलं की कळेल तुमच्या भाटात कोन दिवसातून चार वेळा बदलावा लागतो की चाळीस वेळा. उतारावर काम असेल आणि कचरा नेहमी एकाच अंगाला, समजा खालच्या बांधाकडे, ढकलायचा असेल तर प्रत्येक फेरीला वळल्यावर कोन उलटा करावा लागतो, तिथे हायड्रोलिक खरंच हवं. सपाट लांब पट्टा असेल तर ते पैसे गेज व्हीलला, म्हणजे दाताळ्याची उंची धरणाऱ्या मागच्या चाकांना, घाला.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी जीपच्या जुन्या कमानपाट्यांचे दाते कापून पाच फुटी दाताळं केलं. दाते बारला वेल्ड केले. पहिल्याच दिवशी सात दाते तुटले, सगळे वेल्डच्या अगदी शेजारी, वेल्ड तसंच आहे. वेल्डर म्हणतो तुमचं स्टील खराब. खरं का? – एक वाचक भगिनी, पेडणे

ताई, स्टील पण खराब नाही आणि वेल्डरचा हात पण नाही, जोडायची पद्धत चुकली. कमानपाट्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो. वेल्डच्या कडेची पट्टी लाल होते आणि बाजूचं थंड लोखंड तिची उष्णता लगेच ओढून घेतं, म्हणजे तिथे तेवढ्याच भागाला पाणी दिल्यासारखं होतं, तो भाग काचेसारखा कडक आणि ठिसूळ. दाता वाकायला बघतो, तो भाग वाकत नाही, तुटतो. तुटलेली जागा बघा, दाणेदार चकचकीत दिसेल, आणि वाकल्याची खूण कुठेच नसेल.

स्प्रिंग स्टील नेहमी बोल्टने धरायचं. आणि दात्याला भोक पण पाडू नका, एक तर साधा ड्रिल त्यात जात नाही, जळून जातो, आणि पाडलंच तर तिथूनच चिरतं. बारखाली दाते ओळीने ठेवा, खालून १० एमएमची लांब पट्टी दाबा, आणि दोन दात्यांच्या मधल्या २५ च्या फटीतून १२ चे बोल्ट काढा, म्हणजे दाते चिमट्यात धरल्यासारखे राहतात आणि एखादा मोडला तर भाटातच बदलता येतो, त्यासाठी वेल्डिंगवाल्याकडे जायला नको. दाता मागे सरकू नये म्हणून त्याच्या टोकामागे बारला एक अँगल वेल्ड करा, तो साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा), तिथे वेल्ड चालतं. त्या वेल्डला ७०१८ चा रॉड वापरा आणि रॉड कोरडे असू देत, आपल्या हवेत उघडं पाकीट एका रात्रीत ओल धरतं.

उरलेले पाटे फेकू नका, पण वापरायच्या आधी कुठे चीर गेलीय का बघा. पाटा रॉकेलमध्ये भिजत ठेवा, मग पुसून कोरडा करा आणि खडू फासा, तासाभराने जिथे चीर असेल तिथे रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ दिसते. कापताना ग्राइंडरची पातळ चकती, थांबत थांबत, पाणी मारत, पट्टी फार तापू द्यायची नाही, लाल झाली की तिथली स्प्रिंग गेली.

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरला मागे हायड्रोलिक पोर्ट नाहीत. लिफ्टकडे जाणाऱ्या पाइपला टी टाकून तेल काढलं तर चालेल का? एका मेकॅनिकने तयारी दाखवलीय. – एक वाचक, काणकोण

नको. टी टाकून काम होत नाही आणि झालं तर त्याहून वाईट. मिनी ट्रॅक्टरला बहुधा गिअर पंप असतो, तो इंजिन चालू असेतोवर तेल ढकलतच राहतो, त्या तेलाला परत टाकीत जायला सतत मोकळी वाट लागते. टीमधून तेल जिथे अडथळा कमी तिथे जाणार, तुम्ही दाताळं फिरवाल आणि लिफ्ट खाली बसेल, किंवा उलट. आणि टी जर रिलीफ व्हॉल्व्हच्या चुकीच्या बाजूला पडला आणि पुढे वाट बंद झाली तर पंपाचंच काहीतरी फुटेल.

हवा तो ओपन सेंटर डीसीव्ही (तेलाची दिशा बदलणारा लिव्हरचा व्हॉल्व्ह), म्हणजे लिव्हर मधे असताना तेल आरपार पुढे जाऊ देणारा, त्याला स्वतःचा रिलीफ, आणि पॉवर बियाँडचं तोंड, ज्यातून तेल पुढे लिफ्टला जातं. तो पंप आणि लिफ्ट यांच्या मधे बसतो. बऱ्याच मॉडेलना कंपनीचा किट मिळतो, आधी डीलरला विचारा, ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर नक्कीच. तेल ट्रॅक्टरमध्ये आहे तेच वापरायचं, मिसळायचं नाही, कारण लिफ्टचं, गिअरबॉक्सचं आणि ब्रेकचं तेल बऱ्याचदा एकच असतं. सिलिंडर आणि होज भरायला अर्धा-पाऊण लिटर जातं, चार वेळा फिरवून हवा काढा आणि डिपस्टिक परत बघा. किट मिळत नसेल तर वर सत्तरीच्या वाचकांना सांगितली ती टॉप लिंकची युक्ती करा, बारा व्होल्टच्या पॉवर पॅकच्या मागे लागू नका, तो शेकड्याच्या घरात अँपिअर ओढतो, मिनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला ते झेपत नाही.

आणि ज्यांनी आधीच हायड्रोलिक केलंय त्यांच्यासाठी पण लिहितो. होजमधून तेल झिरपतंय असं वाटलं तर हात लावून बघायचं नाही, कधीच नाही. सुईएवढ्या भोकातून शंभर बारचं तेल निघतं ते कातडीत घुसतं, टाचणी टोचल्यासारखं वाटतं, रक्त पण येत नाही, आणि काही तासांत आतून बोट सडायला लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. तसं झालंच तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, १०८ ला फोन करा, सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा आणि "हायड्रोलिक तेल आत गेलंय" हेच शब्द सांगा, कारण वरून ती जखम काहीच वाटत नाही. होज काढण्याआधी दाताळं जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून कोंडलेलं प्रेशर सोडा.

प्रश्न : दाताळं चांगलं झालंय, पण तिरकं केलं की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि काजूची बारीक मुळं पण वर येतात. काय चुकतंय? – एक वाचक, डिचोली

ओढणार, तिरक्या दाताळ्याला बाजूचा जोर असतोच. खालच्या दोन आर्मच्या चेक चेन ढिल्या असतील, त्या आवळा, बोटभर हलेल एवढीच ढील ठेवा. कोन ३० वरून २० ला आणा, कचरा थोडा जास्त वेळ पुढे ओढला जाईल पण ट्रॅक्टर सरळ राहील. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, भरभर चालणाऱ्या माणसाएवढा, त्यापुढे नको. उतार जास्त असेल तर आडवं चालवूच नका, वर-खाली चालवा.

मुळांचं मात्र मनावर घ्या. काजूची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, त्या मुळांवरच पुढचे बोंडू यायचे. दाताळ्याचं काम जमिनीवरून फिरायचं, जमिनीत घुसायचं नाही. मागे दोन गेज व्हील लावा, हातगाडीची चाकं पण चालतात, उंची भोकाभोकाने बदलता येईल अशी, आणि दात्यांची टोकं जेमतेम टेकतील एवढ्यावर ठेवा. खोडाच्या भोवती पानोळा जेवढा पसरलाय तेवढ्या भागात मशीन नकोच, तिथे हातानेच करा. वेळ म्हणाल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, जमिनीत ओल असते, जांभ्याचे खडे सहज सुटून येतात आणि धूळ उडत नाही. जानेवारीपर्यंत थांबलात तर तीच जमीन चिऱ्यासारखी कडक होते आणि मग दाते खाली दाबायचा मोह होतो.